बाइकला चार्जर बसवा, पण फ्यूज टाकून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय तसा छोटा आहे, छापण्याजोगा आहे की नाही ते तुम्ही ठरवा. द्वारका चौकात नाहीतर मुंबई नाक्याला सिग्नलला थांबलं की आजूबाजूच्या कितीतरी बाइकच्या हँडलला मोबाईल होल्डर आणि त्याच्या बाजूला निळा लाइट पेटलेला यूएसबी चार्जर दिसतो, आणि ह्यातले बरेच चार्जर ज्या पद्धतीने जोडलेले असतात ते बघून पोटात गोळा येतो. मी अंबडला एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगचं काम करतो, त्यामुळे वायर दिसली की ती कुठून आली आणि कुठे गेली हे बघायची खोडच लागलीय, पार्किंगमध्ये लोकांच्या गाड्यांमध्ये डोकावतो म्हणून बायको वैतागते ते वेगळं.

आधीच सांगतो, चार्जर बसवू नका असं माझं म्हणणं अजिबात नाही. फोन बंद पडला की आजकाल माणूसच बंद पडतो. डिलिव्हरीची पोरं इंदिरानगर ते गंगापूर रोड दिवसभर ॲप आणि मॅप चालू ठेवून फिरतात, दुपारपर्यंत फोन वीस टक्क्यावर. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह दिंडोरी-कळवण करून येतात. लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमध्ये, पेट्रोलचे पैसे यूपीआयने, खिशात शंभरची नोट नाही. आणि सरकारनेच १ ऑक्टोबर २०२० पासून मोटार वाहन नियमांत बदल करून गाडी चालवताना फोन फक्त रस्ता बघण्यापुरता वापरायला परवानगी दिली आहे, लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. म्हणजे हँडलवर फोन ही आता फक्त हौस राहिलेली नाही, मग त्याला करंटही लागणारच.

माझा मुद्दा तो करंट कुठून आणि कसा घेतला ह्याचा आहे. चार्जरला दोन वायरी असतात, लाल आणि काळी. गॅरेजवाला किंवा ॲक्सेसरीजच्या दुकानातला पोरगा सीट काढतो, बॅटरीचे दोन स्क्रू ढिले करतो, लाल प्लसला, काळी मायनसला, वायर टाकीखालून पुढे ओढतो, हँडलला क्लॅम्प कसतो, वरून काळी टेप गुंडाळतो की झालं काम. लाइट पेटला, फोन चार्ज व्हायला लागला, गिऱ्हाईक खूश.

आता घोळ कुठे आहे बघा. गाडीला कंपनीचा मेन फ्यूज असतो, छोट्या गाड्यांना साधारण दहा, पंधरा नाहीतर वीस अँपिअरचा. तो बॅटरीच्या प्लसपासून निघालेल्या कंपनीच्या वायरीत असतो. आपण चार्जरची लाल वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलला कसली म्हणजे ती त्या मेन फ्यूजच्या आधीच वेगळी निघाली. गाडीचा फ्यूज तिच्या वाटेतच नाही! लोक मला सांगतात "अहो गाडीला फ्यूज आहे ना", आहे हो, पण तो ह्या वायरीसाठी नाही. कोणी म्हणतं चार्जरच्या आत फ्यूज असतो, असेलही, पण तो वायरीच्या शेवटी आहे आणि वायर मध्ये कुठे घासली तर त्याचा उपयोग शून्य. फ्यूज चार्जरला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो, हे आमच्या पॅनेलच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

आणि वायर घासते, नक्की घासते. स्टिअरिंगच्या मानेपाशी बघा, जिथे हँडल वळतं तिथे. तिथून क्लचची केबल, ॲक्सिलेटरची केबल, कंपनीच्या वायरिंगचा जाड गठ्ठा, सगळं एकत्र जातं आणि कंपनी ते सगळं मोजूनमापून क्लिपमध्ये बसवते. आपली बारीक लाल वायर त्यांच्या मधून कशीतरी घुसवलेली. प्रत्येक वळणाला फ्रेमच्या लोखंडी कडेवर थोडी थोडी घासणार. टाकीखाली इंजिनाची उष्णता वर येते, एप्रिल-मेमध्ये नाशिकचं ऊन चाळीसला टेकतं, तेव्हा त्या काळ्या टेपचा डिंक पातळ होऊन टेप सरकते आणि वायरीवर चिकट काळा थर तेवढा राहतो. एक दिवस तांबं उघडं पडतं आणि फ्रेमला लागतं, आणि फ्रेम म्हणजेच मायनस. बॅटरी दिसायला छोटी असली तरी सेल्फ मारताना ती पन्नास-साठ अँपिअरसुद्धा देऊ शकते, तेवढा करंट त्या शेवयासारख्या वायरीतून गेला तर काही सेकंदात ती लाल होते, आणि ती कुठून जाते तर पेट्रोलच्या टाकीखालून. ह्यापुढे मी काही लिहायची गरज नाही.

उपाय काय, तर इनलाइन फ्यूजहोल्डर (वायरीच्या मध्येच बसणारी फ्यूजची डबी), जो एका मिसळीपेक्षा स्वस्त मिळतो. तो प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत बसवायचा, हँडलजवळ नाही, कारण फ्यूजच्या आधीच्या तुकड्याला संरक्षण नसतंच, मग तो जितका आखूड तितका बरा. मोबाईलच्या चार्जरला तीन किंवा पाच अँपिअरचा फ्यूज भरपूर झाला. उगाच लाल म्हणजे दहाचा नाहीतर निळा म्हणजे पंधराचा टाकायचा नाही, आणि उडाला म्हणून तार गुंडाळायची तर मुळीच नाही (हे मी डोळ्याने बघितलंय, सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावलेली!). वायर पाऊण किंवा एक स्क्वेअर एमएमची, वरून स्लीव्ह, जोड असेल तिथे लग (वायरीच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) दाबून वर हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी).

दुसरी गोष्ट बॅटरी उतरण्याची. थेट बॅटरीला जोडलेला चार्जर चावी काढली तरी चालूच राहतो. त्यातून आता व्होल्टेज दाखवणारे चार्जर आलेत, रात्रभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये निळे-लाल आकडे चमकत असतात. असा चार्जर नुसता पडून वीसेक मिलीअँपिअर खात असेल तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर (बॅटरीतल्या साठ्याचं माप) झाला. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांना बॅटरी तीन-चार अँपिअर-अवरचीच असते. म्हणजे दिवाळीला गावाला गेलात, आठवड्याने परत आलात की सेल्फला टक टक टक. बीएस-६ नंतरच्या कित्येक गाड्यांना किकच नाही, आणि किक असली तरी इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलच्या पंपाला आणि ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला) करंट लागतो, बॅटरी पार मेलेली असेल तर बऱ्याचदा किक मारून घाम येतो फक्त. मग लोक कंपनीच्या नावाने बोटं मोडतात, बॅटरी बदलतात, आणि महिन्याभराने पुन्हा तेच.

हे टाळायला रिले, म्हणजे करंटच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच. फार मोठं काही नाही, काडेपेटीपेक्षा लहान डबी, खाली पिनांवर नंबर असतात. ३० नंबरला फ्यूजमधून आलेली बॅटरीची प्लस, ८७ वरून चार्जर, ८५ आणि ८६ पैकी एकाला अर्थिंग आणि एकाला पार्किंग लाइटची किंवा चावी चालू केल्यावरच करंट येणारी कुठलीही वायर. चावी फिरवली की रिले ओढला, चार्जर चालू, चावी काढली की सगळं बंद. कंपनीच्या वायरीवर लोड जवळपास काहीच नाही, ती फक्त रिलेला इशारा देते. काही जण रिले न टाकता हॉर्नच्या वायरीतून करंट घेतात, ते थेट बॅटरीपेक्षा परवडलं कारण बऱ्याच गाड्यांत तिथे चावी चालू असतानाच करंट येतो आणि मेन फ्यूजही वाटेत असतो, पण मग वायर सोलून पीळ मारून जोडतात, पहिल्या पावसात तिथे हिरवा गंज धरतो आणि ऐन कसारा घाटात हॉर्न मुका होतो.

"एवढं सगळं करून गाडीवर लोड येणार नाही का" हा प्रश्न हमखास येतो म्हणून सांगतो. अठरा वॅटचा फास्ट चार्जर बारा व्होल्टवर दीड-पावणेदोन अँपिअर घेतो, इंजिन चालू असताना गाडीत करंट तयार करणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलला हे काही जड नाही, नुसता हॅलोजन हेडलाइटच पस्तीस वॅट खातो. पण इंजिन बंद करून नुसती चावी चालू ठेवून टपरीवर तासभर फोन चार्ज केला तर तीन अँपिअर-अवरच्या बॅटरीत सेल्फ मारायला काय उरणार! फॉग लाइट, डबल हॉर्न आणि वर चार्जर असं सगळं एकशेदहा सीसीच्या गाडीवर चढवलं तर मात्र तक्रार करू नका. त्या व्होल्टेजच्या आकड्याचा एक उपयोग आहे म्हणा, गाडी चालू असताना तो साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान पाहिजे, पंधराच्या वर जायला लागला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय असं समजून गाडी दाखवून घ्या.

पॉवरबँकवाले म्हणतील एवढा खटाटोप कशाला. मान्य, कधीतरी लांब जाणाऱ्याने पॉवरबँकच घ्यावी. पण पॉवरबँकवरचा दहा हजार एमएएचचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, फोनला प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजारच मिळतात, आणि रोज दहा-बारा तास रस्त्यावर असलेल्या पोराने रात्री दोन-दोन वस्तू चार्जिंगला लावायच्या, हे काही जमत नाही. पावसात मात्र मी पॉवरबँकच म्हणेन. इगतपुरी, त्र्यंबक बाजूला जुलैत गेलात तर रबराचं झाकण असूनही सॉकेटमध्ये पाणी जातं, आणि ओल्या पिनेत करंट सोडला की फोनची पिनसुद्धा खराब होते. फोन महागाचा असेल तर होल्डरला धक्के शोषणारं रबर बघून घ्या, जास्त ताकदीच्या बाइकच्या इंजिनाच्या थरथरीने कॅमेरा बिघडू शकतो असं ॲपलने २०२१ साली स्वतःच जाहीर केलं होतं.

आता खरं गाऱ्हाणं. माझ्या भाच्याने नवीन गाडी घेतली, शोरूममध्ये विचारलं की चार्जर बसवून द्या, तर ते म्हणे आमच्याकडे ह्या मॉडेलला नाही, बाहेरून बसवून घ्या. बाहेरून बसवला. पुढे गाडीच्या मीटरचा काहीतरी प्रॉब्लेम आला तर तेच शोरूम म्हणे वायरिंगला हात लावलाय, वॉरंटी बसणार नाही. मीटरचा आणि चार्जरचा संबंध काय ते दाखवा म्हटलं तर दाखवता येईना. वॉरंटीच्या पुस्तकात बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं हे खरं, पण मग माणसाने करायचं काय? तुम्ही देणार नाही, दुसऱ्याने दिलं तर वॉरंटी काढून घेणार.

म्हणून मागणी एवढीच आहे की गाडी स्वस्तातली असो की महागाची, कंपनीने हेडलाइटमागे किंवा सीटखाली एक झाकण लावलेला कपलर (वायर जोडायचं तयार तोंड) द्यावा, चावीवर चालणारा, स्वतःचा फ्यूज असलेला. चार्जर द्या असंही म्हणत नाही, तो आम्ही आणू, नुसता कपलर द्या. काही स्कूटरला आणि महागड्या बाइकला कंपनीचं यूएसबी येतं, मग कम्युटर गाडीवाल्यानेच काय पाप केलंय, दिवसभर रस्त्यावर तर तोच असतो. सरकारने ठरवलं तर होतं, २०१७ च्या एप्रिलपासून सगळ्या नव्या दुचाकींना हेडलाइट कायम चालू ठेवायला लावलाच ना.

तोपर्यंत आपल्या शहरापुरतं एक करता येईल. सातपूरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि मोटर मेकॅनिकचे ट्रेड आहेत, तिथे गॅरेजवाल्या आणि ॲक्सेसरीजवाल्या पोरांसाठी रविवारचा एखादा वर्ग ठेवावा, फ्यूज, रिले, लग दाबणं, वायर कुठून न्यायची, बस. हात चांगला असतो त्या पोरांचा, सांगणारं कोणी नसतं. २०२७ चा सिंहस्थ आलाच आहे, त्र्यंबक रोडवर तेव्हा बाहेरगावच्या किती बाइक असतील आणि किती जणांना इथेच चार्जर बसवून हवा असेल, ते वेगळं सांगायला नको. मला बोलावलं तर मी फुकट शिकवायला येईन, क्रिम्पिंगची पक्कड माझी मी आणेन.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक

ता. क. ज्यांच्या गाडीला चार्जर आधीच बसवलेला आहे त्यांनी सीट काढून लाल वायर बॅटरीपासून हाताने चाचपत पुढे जावं. वीतभरात फ्यूजहोल्डर लागला नाही तर स्क्रू ढिला करून ती वायर आजच काढून ठेवा, टोकाला टेप लावा, आणि फ्यूज आणल्यावर परत जोडा. काढताना पक्कड प्लसला आणि फ्रेमला एकदम लागू देऊ नका, मोठी ठिणगी उडते.