‘उच्च कोटी’ची गफलत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला, स्वनातीत विमानाभोवतीच्या हवेवरचा लेख आवडीने वाचला. असा विषय मराठीत छापलात, बरे वाटले. मात्र ‘उच्च कोटीची पद्धत वापरल्यामुळे शॉक वेव्ह हुबेहूब दिसते’ या वाक्याला अडखळलो. (शॉक वेव्ह म्हणजे ध्वनीहून वेगाने जाणाऱ्या विमानामुळे हवेत उठणारी दाबाची धक्कालाट.)

इथे कोटी म्हणजे दर्जा नव्हे. संगणकासाठी आपण हवेचे बारीक चौकोन पाडतो. चौकोनाची बाजू निम्मी केली की चूक कितीने घटते, त्याचे ते माप. दुसऱ्या कोटीच्या पद्धतीत चूक पावपट होते, पाचव्या कोटीत बत्तिसावा हिस्सा उरतो. तेही प्रवाह गुळगुळीत असेल तिथेच. शॉकपाशी दाब आणि घनता एकदम उडी घेतात आणि हे गणित कोलमडते.

१९९१ साली एम.टेक.ला असताना मी हे भोगले आहे. सॉडचा प्रसिद्ध प्रश्न होता: नळीत मधोमध पडदा, डावीकडे दाब १ आणि घनता १, उजवीकडे ०.१ आणि ०.१२५. पडदा फाटल्यावर काय होते ते काढायचे. शंभर चौकोन, फोरट्रान भाषेतला प्रोग्रॅम, आणि दुसऱ्या कोटीची लॅक्स-वेंड्रॉफ पद्धत. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर आलेख निघाला तर शॉकच्या मागे करवतीचे दाते! सरांनी कागद उजेडाला धरला आणि म्हणाले, “यातली हवा कुठली आणि तुझी पद्धत कुठली?” पुढे हौसेने दाबातला फरक वाढवला, तर एका चौकोनात दाब ऋण झाला. ध्वनीचा वेग काढायला त्याचे वर्गमूळ घ्यायला गेला आणि प्रोग्रॅम तिथेच बसला.

यात माझा गाढवपणा थोडा होताच, पण सगळा नव्हे. रेषीय पद्धत, म्हणजे प्रवाह कसाही असो शेजारच्या चौकोनांना ठरलेलीच वजने देणारी, नवे दाते उठवणार नसेल, तर ती पहिल्या कोटीपलीकडे जाऊ शकत नाही, हे रशियन गणिती गोदुनोव्ह यांनी १९५९ मध्येच सिद्ध केले होते. आणि पहिल्या कोटीची पद्धत शॉक पार फासून टाकते. सुटका झाली ती पद्धत अरेषीय केल्यावर, म्हणजे वजने प्रवाह पाहून बदलू दिल्यावर. १९९६ मधली जियांग-शू यांची वेनो पद्धत शेजारच्या चौकोनांचे तीन गट विचारात घेते आणि ज्या गटात उडी सापडेल त्याचे वजन जवळजवळ शून्य करते. पाचवी कोटी मिळते ती गुळगुळीत भागात. ऐन शॉकवर वेनोचीही कोटी घसरते.

आपण छापलेल्या चित्रात शॉकची रेघ चांगली जाड आहे. खऱ्या हवेत ती जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. म्हणजे चित्रातली जाडी चौकोनांची आहे, हवेची नाही. पुढच्या वेळी चित्राखाली चौकोन किती आणि पद्धत कोणती एवढे दोन शब्द छापावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त अध्यापक, मिरज