जुन्या जीपला नवी बॉडी चढवताना

मा. संपादक,
स. न.

कोकण किनाऱ्यावर जुनी विलीज किंवा महिंद्राची जीप राखून असलेल्यांपुढे आज ना उद्या एकच प्रश्न येतो: सडलेला टब, म्हणजे जीपची मूळ पत्र्याची बॉडी, तुकडे लावून जोडायचा, की तयार मिळणारी नवी पत्र्याची बॉडी आणायची? नवी बॉडी चढली की गाडी नकली झाली, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. बॉडी आली, वरून रंग मारला, बोल्ट आवळले की काम झाले, असे समजणारेही तेवढेच. पत्रेकाम आणि रंगकाम करणाऱ्या आम्हा मंडळींना ही दोन्ही मते पटत नाहीत. इथल्या काही जीपना नव्या बॉडीवाचून इलाज उरलेला नाही. पण बसवण्याआधीची तयारी कच्ची राहिली तर नवा पत्रा जुन्याच्याही आधी जातो, आणि बदलाची नोंद ठेवली नाही तर गाडीचा इतिहास पुसला जातो.

हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावर बसलेले मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि विरघळते. म्हणजे पाऊस नसतानाही पत्रा ओलाच. हर्णै, जयगड, मालवण अशा बंदरांवर ज्या जीपमधून मासळीच्या पेट्या नेल्या, त्यांच्या हौद्यात बर्फाचे खारे पाणी वर्षानुवर्षे मुरले आहे. जांभ्याची लाल माती बॉडीखालच्या चॅनेलमध्ये, म्हणजे आधाराच्या पोकळ पट्ट्यांमध्ये, घट्ट बसते आणि पावसाळा संपला तरी आत ओल धरून ठेवते. जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात बुडालेल्या गाड्यांच्या बंद पोकळ्यांतही असाच गाळ शिरला. त्यात दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू यांच्या बॉडीखाली टोपीच्या आकाराचे जे चॅनेल आहेत, त्यांत मुळातच लाकडाचे ठोकळे भरलेले असत. लाकूड पाणी पिते आणि चॅनेल आतून सडतो. वरून गाडीची जमीन, म्हणजे तळाचा पत्रा, चांगली दिसते, खाली हात घातला की भुगा हाती येतो.

म्हणून निर्णय डोळ्यांनी घेऊ नये, स्क्रू ड्रायव्हर आणि लहान हातोडी घेऊन घ्यावा. फक्त पायाखालचा पत्रा, मागचे कोपरे किंवा चाकांवरच्या पेट्यांची तळे गेली असतील तर तेवढेच पत्रे बदलावेत. जुनी बॉडी वाचवणे हाच पहिला धर्म. चॅनेल, दोन्ही बाजूंची जमीन, पेट्या आणि डॅशबोर्डाखालचा काऊलचा (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याचा) भाग असे सगळेच गेले असेल तर ठिगळे लावण्यात अर्थ नाही. इतक्या सांध्यांमध्ये बॉडीची मापे हमखास सरकतात आणि प्रत्येक सांधा गंजाला नवे घर देतो.

हे सगळे जीपबद्दल, कारण जीपची चेसिस वेगळी आणि बॉडी वेगळी. नंबर चेसिसवर असतो: विलीजच्या चेसिसवर रिव्हेट केलेल्या पट्टीवर, फोर्डच्या चेसिसवर थेट ठोकलेला. लॅम्ब्रेटा स्कूटरचीही नळीची चेसिस वेगळी असते, तिचे पत्रे बदलले तरी ओळख कायम राहते. बजाज चेतक, वेस्पा, पद्मिनी, अँबेसेडर यांचे तसे नाही. तिथे पत्र्याचा सांगाडा हीच चेसिस, आणि नंबरही त्याच पत्र्यावर. त्यांचा अख्खा सांगाडा बदलणे म्हणजे नोंदणीतली गाडीच बदलणे. जुना नंबर कापून नव्या सांगाड्यावर डकवणे किंवा नव्याने ठोकणे हा सरळ गुन्हा आहे. कोणी कितीही गळ घातली तरी कारागिराने त्याला हात लावू नये.

बॉडी मागवण्याआधी आपली गाडी नेमकी कोणती, हे ठरवावे. एमबीच्या ग्रिलला नऊ खाचा असतात, १९४५ पासूनच्या सीजे-२ए या नागरी जीपला सात. एमबीच्या मागे फाळका नसतो, सीजे-२ए ला असतो. सीजे-३बी चे बॉनेट उंच असते, कारण खालचे इंजिन उंच. परदेशात, विशेषतः फिलिपाइन्समध्ये, बनणाऱ्या एमबीच्या बॉड्या मूळ गाडीप्रमाणे डाव्या स्टिअरिंगच्या असतात आणि पेट्रोलच्या टाकीचा खड्डा डाव्या सीटखाली असतो. आपली महिंद्रा उजव्या स्टिअरिंगची. चुकीची बाजू आली तर स्टिअरिंगचे भोक, पेडलची भोके सगळेच नव्याने पाडावे लागते आणि नव्या बॉडीचा उपयोगच राहत नाही. हरियाणातल्या डबवालीकडून आणि पंजाबातून येणाऱ्या बॉड्या उजव्या बाजूच्या मिळतात, पण त्या बहुधा हाताने वाकवलेल्या असतात, म्हणून मापे आधी लेखी मागावीत.

पत्र्याची जाडी व्हर्नियरने मोजावी. मूळ काम साधारण १८ गेजचे, म्हणजे १.२ मिमी. काही जण १६ गेज म्हणजे १.६ मिमी पत्रा ‘जास्त मजबूत’ म्हणून विकतात. त्याने चौरस मीटरला वजन साडेनऊ किलोवरून साडेबारा किलोवर जाते, जमिनीच्या उठावदार रेषा बोथट होतात, कडा गोल येतात आणि मूळ बॉनेट शेजारी बसत नाही. गंज तर थांबत नाहीच. पत्रा कोल्ड रोल्ड असावा. हॉट रोल्डवरची काळी खपली रंगासकट सुटते. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा इथल्या हवेला चांगला, मात्र वेल्डिंग करताना जस्त ९०७ अंशांना उकळते आणि त्याच्या धुराने ताप भरतो. त्यामुळे सांध्यापुरते जस्त घासून काढावे, काम उघड्यावर करावे आणि नंतर तिथे झिंकयुक्त प्रायमर मारावा.

स्पॉट वेल्डिंगचे टाके २५ ते ४० मिमी अंतरावर हवेत. न दिसणाऱ्या जागी दोन टाक्यांच्या मध्ये छिन्नी सारून पाहावी. टाका पत्रा फाडून निघाला तर पक्का, नुसता टक्कन सुटला तर कच्चा. कच्चे टाके असलेली बॉडी खराब रस्त्यावर वर्षभरात वाजू लागते.

आता सर्वांत महत्त्वाचे. बॉडीबरोबर येणारा काळा किंवा तांबडा प्रायमर हा वाहतुकीपुरता असतो. पांढरे फडके एनसी थिनरमध्ये भिजवून अर्धा मिनिट दाबून घासावे. फडक्यावर रंग आला तर तो पूर्ण उतरवायचा, त्यावर दुसरे काहीही मारायचे नाही. कितीही महाग रंग वर चढवला तरी तो खालच्या प्रायमरइतकाच टिकतो. खरी मेख पुढे आहे: बॉडी आधी जोडली जाते आणि मग रंगवली जाते. त्यामुळे जिथे पत्र्यावर पत्रा चढतो, त्या सांध्यांच्या आत कोरे लोखंड असते. खारे पाणी त्या फटीत आपोआप ओढले जाते आणि पहिल्याच पावसाळ्यात सांध्यातून तपकिरी ओघळ उतरतात. ते ओघळ वरून घासून उपयोग नाही.

यासाठी प्रायमर उतरवल्यावर सांधे डिग्रीजरने धुवावेत आणि गोड्या पाण्याने खंगाळावेत. खाडीकाठच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, ते चालणार नाही. मग कडक उन्हात किंवा गरम हवेने पूर्ण वाळवावे आणि त्यानंतर पत्र्याला उघडा हात लावू नये, घामातही मीठच असते. त्याच दिवशी टू-पॅक (दोन भाग मिसळून मारायच्या) इपॉक्सी प्रायमरचा पातळ हात सांध्यांत झिरपू द्यावा, त्यावर दोन भरदार हात. पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट इपॉक्सीच्या वर, सांध्याच्या वरच्या आणि बाहेरच्या बाजूने. सर्वांत खालची कड मोकळी ठेवावी, नाहीतर आत शिरलेले पाणी बाहेरच येत नाही. पुट्टीही इपॉक्सीवरच, दोन-तीन मिमीहून जाड नाही. कोऱ्या पत्र्यावर किंवा रेड ऑक्साइडवर भरलेली पुट्टी आपल्याकडच्या हवेत ओल पिते आणि दोन पावसाळ्यांत फोड धरते. चॅनेलमध्ये पुन्हा लाकूड भरायचेच असेल तर ते सर्व बाजूंनी, कापलेल्या टोकांसकट, इपॉक्सीत बुडवून घ्यावे. प्रत्येक चॅनेलच्या दोन्ही टोकांना सर्वांत खाली ८ मिमीचे भोक हवेच. रंग पूर्ण झाल्यावर पोकळ्यांत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारे मेण, फवारावे.

पण रंगाआधी एकदा सगळी गाडी कोरी जोडून पाहिलीच पाहिजे, आणि त्याही आधी चेसिस. सपाट जमिनीवर चार स्टँडवर ठेवून बॉडीच्या बोल्टच्या भोकांमधले कर्ण मोजावेत. फरक ३ मिमीच्या आत असेल तर पुढे जावे, ५ मिमीच्या वर असेल तर चेसिस आधी सरळ करावी. चेसिसला सँडब्लास्टिंग करताना नंबरची जागा झाकायला विसरू नये. मग बॉडी, ग्रिल, मडगार्ड, बॉनेट, काचेची फ्रेम, स्टिअरिंग, पेडल, गिअर व ट्रान्स्फरचे दांडे, हँडब्रेक हे सगळे बसवावे. बोल्ट हाताने फिरतील इतकेच ठेवावेत, फटी जुळल्यावर मधूनच सुरुवात करून बाहेरच्या बाजूने आवळावेत. कमी-जास्त असेल तिथे रबराखाली शिम (पातळ चकती) घालावी. बोल्ट ओढून बॉडी बसवली तर ती पिळते आणि काऊलच्या कोपऱ्यात रंगासकट पत्रा चिरतो. भोके मोठी करण्याची घाई नको. सगळे एकत्र बसल्याशिवाय चूक कुठल्या भोकात आहे हे कळतच नाही. आट्यांकडेही पाहावे: मूळ जीपचे बोल्ट इंची मापाचे, नव्या बॉडीतल्या वेल्ड केलेल्या नटांची खात्री नाही. ८ मिमीचा बोल्ट आणि ५/१६ इंची बोल्ट हाताला सारखेच वाटतात, पण आटे वेगळे. दोन फेरे जातो, तिसऱ्याला अडतो आणि जोर लावला की नट मोडून फिरू लागतो.

रंगकाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवे. पीयू रंगात मिसळायचा हार्डनर ओलाव्याशी प्रक्रिया करतो, म्हणून जूनमध्ये मारलेला रंग फसफसतो किंवा पांढुरका पडतो. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज सकाळी सोडावे. हार्डनरची वाफ फुप्फुसाला घातक आहे, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, ताज्या हवेचा मास्क लागतो. हे माणसे कामावर ठेवणाऱ्या प्रत्येक गॅरेजमालकाने पाळावे.

राहिला नोंदीचा प्रश्न. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची तरतूद झाली. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षे. अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी. सडलेल्या टबच्या जागी त्याच मापाचा, त्याच नमुन्याचा टब बसवणे हा ‘बदल’ की ‘दुरुस्ती’, हे कारागिराला आणि मालकाला आधी कळले पाहिजे. ब्रिटनमध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून एमजीबी या जुन्या स्पोर्ट्स कारचे नवे सांगाडे बनवते, आणि मूळ नमुन्याचा, न बदललेला नवा सांगाडा पावतीसह दाखवला तर गाडीची ओळख कायम ठेवण्याची पद्धत तिथल्या नोंदणी खात्याने वर्षानुवर्षे पाळली. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे फिवाची, ट्युरिन सनदही बदललेले भाग ओळखता येतील अशा खुणा करायला सांगते.

राज्याच्या परिवहन विभागाने याबाबत स्पष्ट परिपत्रक काढावे आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या आरटीओ कार्यालयांत ते लावावे, ही आमची मागणी आहे. बॉडी बदलणाऱ्याने जुन्या टबचे आतून-बाहेरून फोटो, चेसिस नंबरचा फोटो व पेन्सिलने उतरवलेला ठसा, नव्या बॉडीची पावती आणि बसवल्यानंतरचे फोटो सादर करावेत. नव्या बॉडीवर डॅशबोर्डाखाली बनवल्याचे वर्ष ठोकलेली पट्टी असावी. मूळ डेटा प्लेट पुन्हा लावता येतील, पण गाडी विकताना बॉडी नवी असल्याचे लेखी सांगणे बंधनकारक करावे. परिपत्रक निघेपर्यंत तरी मालकांनी जुना टब भंगारात घालू नये. निदान काऊल आणि कंपनीच्या नावाचा शिक्का असलेला मागचा पत्रा कापून, तेल लावून, कोरड्या जागी ठेवावा.

आपले,
जुन्या गाड्यांचे पत्रेकाम व रंगकाम करणारे कारागीर,
चिपळूण, जि. रत्नागिरी