वैशू, पायातलं जोडवं आधी काढ

तासगाव, मंगळवार रात्री

चि. सौ. वैशूस,
अनेक आशीर्वाद.

आत्ता फोन ठेवला आणि वही घेऊन बसले. फोनवर तू "हो आई", "बरं आई", "ठेवू का" एवढंच बोललीस, म्हणजे आजूबाजूला सगळे असणार. पमू जागा आहे. लिहून झालं की लगेच पानांचे फोटो काढून पाठवतो म्हणालाय. वाचल्याशिवाय झोपू नकोस.

आरूनं सांगितलं नसतं तर मला काही कळलंच नसतं. "आज्जी, मम्मीच्या पायावर गॅसची टाकी पडली, बोट जांभळं झालंय, आणि घरातली आजी म्हणाली जोडवं काढायचं नसतं." एका दमात बोलली पोर. मग तू फोन घेतलास आणि म्हणालीस, काही नाही गं, बोटं हलतायत.

आधी जोडवं. बाकीचं सगळं नंतर वाच. पायाला मार बसला की सूज त्याच दिवशी थांबत नाही, दुसऱ्या दिवशीही चढत राहते. बोट सुजतं, चांदी काही ताणत नाही. मग जोडवं बोटात रुततं आणि रक्त पुढे जायचं थांबतं. म्हणून सूज हाताबाहेर जायच्या आत ते निघायला हवं. पलंगावर आडवी हो, पायाखाली दोन उशा घे, पंधरा-वीस मिनिटं बर्फ लाव, मग साबणाचा फेस नाहीतर खोबरेल लावून जोडवं हळूहळू गोल फिरवत पुढे आण. सरळ ओढू नकोस. दोरा गुंडाळून काढायची एक युक्ती आहे, पण ती धड बोटासाठी. तुझं बोट मोडलेलं असू शकतं, त्याला दोरा आवळायला नको. साबणानं निघालं नाही तर कापायचं. बहुतेक कॅज्युअल्टीत अंगठी कापायचं कटर असतं, थोड्या वेळाचं काम. चांदी मऊ असते, सोनार नंतर जोडून देतो. डाव्या पायातलं राहू दे, मनाला बरं वाटत असेल तर.

आणि बोटाचं टोक दाबून सोडून बघ. दाबल्यावर पांढरं पडतं, सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. दुसऱ्या पायाचं तेच बोट दाबून ताडून बघ. रंग येत नसेल, बोट गार लागत असेल किंवा बधिर असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. संतोषरावांना उठव आणि रात्रीच जा.

विहीणबाईंचा मला राग आलेला नाही, हे आधी सांगते. त्यांच्या मनात तुझ्या नवऱ्याची काळजी आहे, आणि ती असणारच. पण त्यांना आठवण करून दे, आरूच्या वेळी सिझरला आत नेताना सिस्टरनं तुझी जोडवी, मंगळसूत्र, बांगड्या सगळं काढून रुमालात बांधून त्यांच्याच हातात दिलं होतं. मी शेजारी उभी होते. त्यांनी तो रुमाल बाहेर बाळाचा आवाज येईपर्यंत मुठीत धरून ठेवला होता. तेव्हा चाललं, तर आत्ताही चालतं. तुला बोलायला अवघड वाटत असेल तर मी स्वतः फोन करते. म्हणावं, नर्सबाईंनी सांगितलंय. माझा मान त्यांनी कधी मोडलेला नाही.

मला हे का इतकं लागतं ते सांगते. आरोग्य उपकेंद्रात नर्स असताना ऊसतोडीला आलेली एक बाई माझ्याकडे आणली होती. बैलगाडीचं जू पायावर पडलेलं. आदल्या दिवशी पडलं होतं, पण तोड बुडू नये म्हणून ती फडातच राहिली. जोडवं मांसात इतकं रुतलं होतं की वरून दिसतच नव्हतं. नवरा हात जोडून सांगत होता, जोडवं तेवढं तोडू नका. वय तुझ्याएवढंच असेल तिचं, कदाचित कमीच. मिरजेला पाठवलं, पण बोट गेलं. तुझं तसं होईल असं मी म्हणत नाही. तुला घाबरवायला लिहीत नाही. पण आरूच्या तोंडून "जांभळं" ऐकलं आणि तोच पाय डोळ्यांसमोर आला.

आता "बोटं हलतायत" बद्दल. वैशू, बोटं हलतात म्हणजे हाड धड आहे, हे खरं नाही. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू वर पोटरीत आणि नडगीशेजारी असतात, ते लांबून दोऱ्यांनी बोटं ओढतात. हाड मोडलेलं असलं तरी बोट हलतं. एका पावलात 26 हाडं असतात आणि भरलेल्या टाकीचं वजन जवळजवळ तीस किलो. 14.2 किलो नुसता गॅस, वर तेवढंच लोखंड. तीही खालच्या कडेवर कलती करून तू फिरवत नेत होतीस, म्हणजे सगळं वजन त्या बारीक कडेवर आलं असणार. त्याखाली अनवाणी पाऊल. एक्स-रेशिवाय काही कळणार नाही. दुखऱ्या पायावर भार देऊन चार पावलंसुद्धा टाकता येत नसतील, किंवा पावलाच्या हाडावर बोट ठेवून दाबलं की एकाच जागी कळ येत असेल, तर एक्स-रे काढायचाच. चार पावलं टाकता आली म्हणून सुटलीस असंही नाही. मोडलेल्या बोटावर माणसं टाचेवर भार देऊन दिवस दिवस चालतात.

तू तर चालतेसच. दहा वर्षांची होतीस, वरवंटा पायावर पडला होता. गॅदरिंगला लेझीम होती आणि तू पहिल्या रांगेत. मोजे घातलेस आणि कुणाला बोलली नाहीस. लेझीम झाली, बक्षीस घेतलंस, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, घरी येऊन मोजा काढला तर करंगळी काळीनिळी. बाबांनी सायकलच्या दांडीवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मध्ये कापूस घालून करंगळी शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधली आणि म्हणाले, पोरगी धीराची आहे. आजी सगळ्या आळीत सांगत फिरली. मलाही छाती भरून आली होती, खोटं कशाला सांगू. पण ती करंगळी अजून वाकडी आहे, आणि तेव्हापासून तुला वाटतं की दुखणं लपवलं म्हणजे कौतुक होतं. तू चौथीच्या पोरांना शिकवतेस. तुझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीनं असं केलं तर तू तिला काय सांगशील?

बघ, सुरू झालं माझं व्याख्यान. रागावू नकोस. दिवसभर तुला कुणी ना कुणी काहीतरी सांगतच असणार, त्यात मी.

पण दुपारी त्याच पायानं स्कूटरवरून आरूला शाळेतून आणलंस, हेही तिनंच सांगितलं. ब्रेक त्या पायावर नसला तरी उतरताना, गाडी स्टँडला लावताना भार त्याच पायावर येतो. पावसात, धायरीच्या त्या खड्ड्यांतून. शेजारच्या ताईंना सांगितलं असतंस तर त्या गेल्या नसत्या का? पायाचा निकाल लागेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही.

आज रात्री काय करायचं ते सांगते. बर्फ कपड्यात गुंडाळून, नसेल तर फ्रीझरमधली मटारची पिशवी टॉवेलात घेऊन, पंधरा-वीस मिनिटं ठेवायची. उघडा बर्फ कातडीवर नको. दर दोन-तीन तासांनी पुन्हा, पहिले दोन दिवस. पाय छातीपेक्षा उंच, नुसता स्टुलावर ठेवून भागत नाही, आडवंच व्हावं लागतं. शेक नको, गरम पाणी नको, चोळणं तर मुळीच नको. विहीणबाई आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप गरम करतील, मायेनंच करतील. त्यांना सांग, दोन दिवस जाऊ देत, आणि जखम असेल तिथे काहीच लावायचं नाही. त्या ओळखीच्या हाडवैद्याकडे नेऊन ओढून घ्यायचं नाही. गोळी साधी पॅरासिटामॉल, सहा तासांच्या अंतरानं. घरात आईसाहेबांच्या गुडघ्याच्या गोळ्या असतील त्यातली घेऊ नकोस. तुला पित्त होतं, आणि तू रात्री धड जेवली नसणार.

नख काळं झालंय का? नखाखाली रक्त साकळलं की ठसठसतं, झोप लागत नाही. डॉक्टर नखाला बारीक भोक पाडून ते रक्त काढतात आणि लगेच हलकं वाटतं. पण ते पहिल्या दिवस-दोन दिवसांतच होतं. घरी सुई तापवून तू करू नकोस. पुढे नख सुटेल, सुटू दे, ओढू नकोस. अंगठ्याचं नवीन नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष जातं.

कातडी फाटली आहे का, हे आरूला सांगता आलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. टाकीची कड गंजलेली असते. थोडंही खरचटलं असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणानं धू आणि उद्या धनुर्वाताचं इंजेक्शन घे. तुझं शेवटचं आरूच्या वेळचं, त्याला पाच वर्षं उलटून गेली. अशा मळक्या जखमेला पुन्हा घ्यावं लागतं.

उद्या उजेडात तळवा बघ. पावलाच्या वर निळं पडणं वेगळं, पण तळव्याच्या मध्यावर निळं दिसलं तर डॉक्टरांना मुद्दाम दाखव. पावलाच्या मधल्या सांध्याचे बंध तुटलेले असू शकतात, आणि ते झोपून काढलेल्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही, उभं राहून काढावा लागतो. तू विचारलंस तर ते चिडणार नाहीत. चिडले तर दुसरे डॉक्टर आहेत.

आणि रात्रीतून दुखणं गोळीनं कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेलं, पाऊल ताठ आणि चकचकीत झालं, कुणी बोट जरा वर ओढलं तरी किंचाळायची वेळ आली, तर तो आतला दाब असतो. त्यात तासांचा हिशोब असतो, दिवसांचा नाही. संतोषरावांना सकाळी ड्युटी आहे म्हणून झोपू देऊ नकोस. ते भले माणूस आहेत, त्यांना सांगितलं तर ते येतील. तू सांगत नाहीस, हीच अडचण आहे.

जोडवं निघालं का? वाचता वाचता तरी काढलंस का?

बाबांना मी काही बोलले नव्हते, त्यांचं बीपी तुला माहीत आहे. पण त्यांनी ऐकलंच असणार, कारण टीव्ही बंद करून ते मघापासून ओसरीत बसलेत आणि पमूला विचारतायत, पुण्याला पहिली गाडी किती वाजता. मी यावं का? खरं सांग. तुझ्या घरी आधीच सहा माणसं, मला माहीत आहे. मी हॉलमध्ये झोपेन. बोट मोडलं असेल तर चार-सहा आठवडे जातात, पावलाचं लांब हाड असेल तर सहा आठवडे प्लास्टर नाहीतर बूट. तेवढे दिवस आरूचा डबा, तुझी शाळा, पाणी भरणं कोण बघणार? तू भाकरी केल्याशिवाय राहणार नाहीस, एका पायावर उभी राहून करशील, हे मला इथून दिसतं.

पंचमीला माहेरी यायचं म्हणून तू हे दडपतेस, असा मला संशय आहे. प्लास्टर घालून ये. अण्णाची गाडी आहे, मागची अख्खी सीट तुला. झोका खेळायला मिळणार नाही एवढंच. फेर धरणाऱ्या बायकांत तुला खुर्ची टाकून देऊ, तू नुसती गाणी म्हण. तुझ्याशिवाय कुणाला सगळी कडवी येत नाहीत.

उद्या अकरा वाजेपर्यंत एक्स-रेचा फोटो पमूच्या मोबाइलवर आला पाहिजे. रिपोर्टचा नाही, एक्स-रेचा. इथल्या डॉक्टरांना दाखवायचा आहे. आणि आत्ता, झोपायच्या आधी, जोडवं काढलेल्या बोटाचा फोटो. तो आल्याशिवाय पमूला मी झोपू देणार नाही.

आरूला माझा पापा. तिला रागावू नकोस, तिनं सांगितलं म्हणून.

तुझी,
आई

ता. क. एक्स-रेला जाशील तेव्हा पाळी चुकली असेल तर ते तिथल्या माणसाला आधी सांग. पायाच्या एक्स-रेनं पोटापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही, काळजी नको, पण आधी सांगितलेलं बरं. आणि तसं काही असेल तर गोळ्या लिहून देण्याआधी डॉक्टरांनाही सांग. मला सांगायचं की नाही ते तू ठरव. तू तिखट सोडलंस असं आरू मागच्या रविवारी म्हणाली होती, म्हणून लिहिलं.