चित्रकारांचं संपलं म्हणतोस?

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

खुशाली फोनवर झालीच, तेव्हा थेट भांडणावर येतो. एआय आल्यावर चित्रकारांचं संपलं म्हणतोस, ते मला पटत नाही.

एआयकडून काढून घेतलेली तुझी रंकाळ्याची चित्रं मिळाली. दिसायला झकास. पण मर्दा, तळ्यातला संध्यामठ नीट बघ. तळं पावसाळ्यासारखं तुडुंब आणि मठ जोत्यासकट उघडा! पाणी चढलं की मठ बुडत जातो, हे इथलं शाळकरी पोरगंही चितारताना विसरणार नाही. यंत्राला तळं दिसतं, मठ दिसतो. एकामुळं दुसऱ्याचं काय होतं, ते त्याच्या हिशेबात पक्कं नसतं.

त्याची रीतच तशी आहे. नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करायची आणि टप्प्याटप्प्यानं तो निवळत न्यायचा. कुठल्या दिशेनं, ते चित्र आणि मजकुराच्या जोड्यांवरून शिकलेलं. स्टेबल डिफ्युजन नावाच्या चित्रं काढणाऱ्या एआयला शिकवायची चित्रं ज्या लायन-५बी संग्रहातून निवडली, त्यात अशा सुमारे ५८५ कोटी जोड्या आहेत. त्यामुळं पावणेपाचचं घड्याळ मागितलं तरी पुष्कळदा दहा वाजून दहा मिनिटंच पदरात पडतात. जाहिरातीतली घड्याळं बहुतेक तेवढीच वाजलेली असतात ना!

नकलेचं म्हणशील, तर आपलाही हात दुसऱ्यांची चित्रं गिरवूनच बसला. त्यावर मी वाद घालत नाही.

बाबूराव पेंटरांचा दाखला मात्र तू उगाच दिलास. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या माणसानं कॅमेरा स्वतः बनवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ सिनेमा पडद्यावर आणला. यंत्राला ते भ्याले नाहीत, खरंय. पण चित्र हलावं ही हौस आधी, कॅमेरा नंतर. एआयला हौस कसली?

हौस आपली आणि हात त्याचा, असं चालेल का? अमेरिकेत २०२२ मध्ये कोलोरॅडोच्या जत्रेतल्या स्पर्धेत मिडजर्नी या तसल्याच एआयच्या चित्राला बक्षीस मिळालं. करून घेणाऱ्यानं निदान ६२४ वेळा सूचना बदलल्याचं सांगितलं, तरी २०२३ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं नोंदणी नाकारली. मला ते जरा कडकच वाटलं. इतक्यांदा ‘हे नव्हे’ म्हणणारा माणूसच होता की!

बाकी, मंडळाच्या देखाव्याचं कच्चं चित्र धाडतो. रंग यंत्राकडून भरून घेतलेस तरी माझी हरकत नाही. गर्दी कुठून आत घ्यायची, ते तू आलास की गल्लीत उभं राहून ठरवू.

तुझाच,
भांडखोर मित्र