एल फाशेरचा वेढा आणि दुबईचं सोनं: परराष्ट्रमंत्र्यांना खुलं पत्र

मा. परराष्ट्र व्यवहार मंत्री,
भारत सरकार यांस,

सप्रेम नमस्कार.

शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरते ती पेंड. सुदानमध्ये तिला 'अंबाझ' म्हणतात आणि ती गुराढोरांपुढे टाकतात. २०२५ साली देशाच्या पश्चिमेकडच्या दार्फूर प्रांतातल्या एल फाशेर शहरात माणसं ही पेंड शिजवून खात होती. पुढे तीही मिळेनाशी झाली. सुदानच्या सैन्याशी लढणाऱ्या आणि शहराला वेढा घालून बसलेल्या 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' या निमलष्करी दलाने भोवती मातीचा उंच बांध घालायला घेतला होता. ऑगस्टच्या अखेरीस तो ३१ किलोमीटरच्या वर गेल्याचं उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसत होतं. आत पीठ-औषध जाऊ नये आणि बाहेर कोणी पडू नये, एवढ्यासाठी तो होता.

२६ ऑक्टोबर २०२५ रोजी शहर पडलं. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच, तिथल्या सौदी प्रसूती रुग्णालयात रुग्ण आणि त्यांचे सोबती मिळून ४६० हून अधिक जण मारले गेल्याचं वृत्त जागतिक आरोग्य संघटनेने दिलं. मारणाऱ्यांनी स्वतःच्या फोनवर स्वतःचे व्हिडिओ काढले होते. जे निसटले ते तविला गावाच्या दिशेने चालत निघाले. अंतर सुमारे ६० किलोमीटर.

मंत्रिमहोदय, हे अचानक ओढवलं असतं तर कदाचित मी हे पत्र लिहिलं नसतं. १३ जून २०२४ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव २७३६ मंजूर केला आणि हा वेढा उठवा असं या दलाला नाव घेऊन सांगितलं. चौदा मतं बाजूने, रशिया तटस्थ, विरोधात कोणीही नाही. त्यानंतर वेढा सोळा महिने चालला.

आपण सुदानपासून इतके लांब नाही. १५ एप्रिल २०२३ रोजी सुदानचे लष्करप्रमुख जनरल बुरहान यांचं सैन्य आणि हेमेदती म्हणून ओळखले जाणारे दगालो यांचं हे दल राजधानी खार्तुममध्ये भिडलं, तेव्हा आपल्या सरकारने 'ऑपरेशन कावेरी' राबवून ३,८०० हून अधिक लोकांना सुखरूप आणलं. खार्तुमजवळच्या वादी सय्यदनाच्या धावपट्टीवर दिवे नव्हते, तरी वायुदलाने रात्री विमान उतरवलं. अभिमान वाटावा असंच काम होतं ते. पण आपली माणसं परतली आणि सुदान आपल्या बोलण्यातूनही गेला. एक कोटीहून जास्त लोक घर सोडून परागंदा झाले, त्यांच्यासाठी कुठलं विमान येणार नव्हतं.

सैन्यही धुतल्या तांदळासारखं नाही. त्याच्या विमानांनी भरल्या बाजारांवर बाँब टाकलेत. म्हणून मी आपल्याला कुणा एकाची बाजू घ्या असं म्हणत नाही. माझं म्हणणं सोन्याबद्दल आहे.

या युद्धाचा खर्च मोठ्या प्रमाणात सोन्यातून निघतो. दार्फूरमधल्या जेबेल आमेरच्या खाणींवर हेमेदती यांचा जम युद्धाच्या कितीतरी आधी बसला होता. सुदानचं सोनं, सरकारी मार्गाने असो की चोरट्या, बहुतांशी संयुक्त अरब अमिरातीत पोचतं. या दलाला शस्त्रं पुरवल्याचा आरोपही अमिरातीवर आहे. ती तो नाकारते. आणि अमिरातीकडून सोनं घेणाऱ्यांत भारत मोठा गिऱ्हाईक आहे. २०२२ च्या व्यापार करारात आपण वर्षाला २०० टनांपर्यंतच्या सोन्याला आयात शुल्कात एक टक्क्याची सूट कबूल केली. एकदा मुशीत वितळलं की दार्फूरचं सोनं कुठलं आणि दुसरीकडचं कुठलं, हे विटेकडे पाहून सोनारालाही सांगता येत नाही. ते कागदावरच कळतं, आणि तो कागद मागायचा हक्क गिऱ्हाइकाचा असतो.

हा वाणिज्य खात्याचा विषय आहे, असं उत्तर येईल याची मला कल्पना आहे. फायली अशाच या टेबलावरून त्या टेबलावर फिरतात. पण अबूधाबीशी जिव्हाळ्याने बोलू शकणाऱ्या मोजक्या राजधान्यांत दिल्ली आहे, आणि ते बोलणं आपलं खातं करतं. शुल्कातली सूट हवी असेल तर सोनं कोणत्या खाणीतून, कोणाच्या हातून आलं याची साखळी दाखवा, एवढी अट आपण घालू शकतो.

दुसरी गोष्ट. संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी २००४ पासून आहे, पण ती फक्त दार्फूरला लागू आहे. उरलेल्या सुदानला नाही. शस्त्रांना प्रांताच्या हद्दी कळत नाहीत. २०२८-२९ साठी भारत सुरक्षा परिषदेच्या जागेला उभा आहे. ही बंदी सगळ्या देशाला लागू करावी, असं आपण आजच, जागा मिळण्याआधी, म्हणणार का?

डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानच्या अकोबो इथे, संयुक्त राष्ट्रांच्या तळावर आश्रयाला आलेल्या नागरिकांवर जमाव चालून आला तेव्हा दोन भारतीय शांतिसैनिक मारले गेले. आत कुठल्या जमातीचे लोक आहेत याच्याशी भारताला काय, असं म्हणून ते बाजूला झाले नाहीत.

अमिरातीबरोबरच्या करारावर देखरेखीसाठी दोन्ही देशांची संयुक्त समिती आहे. तिच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत सोन्याच्या उगमाचा मुद्दा घेतला जाईल का, एवढं लेखी कळवावं.

आपला,
एक नागरिक