गणपतीपुळ्याच्या वाटेवर रत्नागिरीही आहे!

सुट्ट्या लागल्या की मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ आरे-वारेच्या घाटीतून थेट गणपतीपुळ्याला. देवदर्शन, मोदक, फोटो आणि परत! रत्नागिरी शहर बघायला थांबतो कोण? आणि थांबलाच, तर त्याला वाट दाखवणारे आहे काय?

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. 1885 साली इंग्रजांनी त्याला पदच्युत केले आणि पुढे इथे आणून ठेवले. 1910 मध्ये बांधलेल्या राजवाड्यात तो जेमतेम सहा वर्षे राहिला आणि 1916 मध्ये इथेच वारला. त्याची समाधी मात्र रिक्षावाल्यालाही दोनदा विचारावी लागते. टिळकांचे जन्मस्थान, 1931 चे पतितपावन मंदिर, रत्नदुर्गावरची भगवती, खाली मिरकरवाड्यात ट्रॉलर लागले की चालणारा मासळीचा लिलाव (नाक दाबून का होईना, बघावाच). हे सगळे शहरातच. मांडवी किनाऱ्याची वाळू काळी, पलीकडे ‘पांढरा समुद्र’ नावाच्या किनाऱ्याची पांढरी! शहराबाहेर उक्षी गावाच्या सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) जांभ्यात कोरलेला हत्ती आहे. कोकणातली अशी कातळशिल्पे, म्हणजे सड्यांवर कोरलेली प्राचीन चित्रे, 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण तिथवर स्वतःच्या गाडीशिवाय जाणे कठीणच.

सुशोभीकरणाच्या कमानी पुरे झाल्या. रेल्वे स्थानकावरून ही ठिकाणे फिरवून आणणारी एक बस, ठळक मराठी फलक आणि किल्ल्यावर स्वच्छ स्वच्छतागृह, एवढे तरी येत्या दिवाळीच्या सुट्टीआधी व्हावे.

— एक रत्नागिरीकर