रेडवुडच्या रानात कडक भाकरी नेताना

महोदय,

सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या मुला-मुलींकडे निघालेल्या आई-वडिलांच्या बॅगा भरू लागतात. सहलीच्या बेतात हल्ली रेडवुडच्या जंगलातला तंबूचा मुक्कामही असतो. तिथे काय पाहायचे हे सगळेच सांगतात. बॅगेत काय भरायचे आणि तिथे गेल्यावर ते कसे हाताळायचे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

शंभर मीटरच्या पुढे जाणारी ही झाडे उन्हाळ्यात पावसापेक्षा समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर तगतात. त्या किनारपट्टीवर बाराही महिने तापमान साधारण 7 ते 17 अंश असते. धुके फांद्यांवर साचून रात्रभर ठिबकते, त्यामुळे पाऊस न पडताही सकाळी तंबू ओलाचिंब असतो. आपली सोलापुरी चादर इथे दगा देते. सुती असल्याने ती ओल धरते आणि दिवसभर दोरीवर टाकली तरी वाळत नाही. तंबूच्या आत अंथरायला ती उत्तम, पांघरायला मात्र स्लीपिंग बॅगच हवी. खरी थंडी जमिनीतून चढते, तेव्हा चादरीखाली फोमची गादी घालावी. तंबूखालची ताडपत्री तंबूच्या कडेपेक्षा चार बोटे आत दुमडावी. बाहेर राहिली तर ठिबकणारे पाणी तिच्यावर साचून थेट पाठीखाली येते.

आता मुख्य मुद्दा खाण्याचा. कडक भाकरी, शेंगाचटणी, चिवडा हे प्रवासाला सोयीचे, पण तिन्ही सांडणारे. भाकरी मोडली की चुरा उडतो आणि आपण तो सवयीने बाकाखाली झटकतो. त्या चुऱ्यावर निळ्या अंगाचा, तुरेवाला ‘स्टेलर्स जे’ हा पक्षी आणि डोमकावळे जमतात. खाणे मिळाले की त्यांची संख्या वाढते आणि मग ते वरच्या फांद्यांवरची मार्बल्ड मरलेट या समुद्रपक्ष्याची अंडी फस्त करतात. हा पक्षी घरटे बांधत नाही. जुन्या झाडाच्या शेवाळलेल्या जाड फांदीवर एकच अंडे घालतो. ते गेले की बहुधा त्याचा तो हंगामच गेला. अमेरिकेत 1992 पासून तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे, आणि त्याची वीण नेमकी आपल्या सहलीच्या महिन्यांत असते.

म्हणून भाकरीचे तुकडे घरीच करून डब्यात भरावेत आणि खाताना ताटाखाली वर्तमानपत्र पसरावे. (आपलाच अंक यासाठी सुचवल्याबद्दल क्षमस्व!) उठताना कागद चुऱ्यासकट गुंडाळून झाकणाच्या कचरापेटीत टाकावा. नळाखाली भांडी विसळू नयेत. खरकटे पाणी नेमून दिलेल्या ठिकाणीच ओतावे. काळी अस्वलेही असतात, त्यामुळे वासाचे सगळे सामान रात्री तिथल्या लोखंडी पेटीत ठेवायचे. सगळे म्हणजे टूथपेस्ट, केसाचे तेल आणि उदबत्तीसुद्धा. विमानतळावर खाद्यपदार्थ आहेत हे आधीच सांगावे. लपवलेले सापडले तर दंड होतो.

गॅसचा डबा विमानात चालत नाही. तिथे एक पौंडी हिरवा प्रोपेनचा डबा मिळतो. दोन बर्नरच्या शेगडीवर दोन्ही आचा मोठ्या ठेवल्या तर तो तासाभरात संपतो, तेव्हा डाळ-तांदूळ आधी भिजवून कुकर लावावा. जळण बाहेरून नेऊ नये, कारण लाकडातून कीड आणि झाडांचे रोग पसरतात. रानातल्या काटक्या वेचायलाही बंदी आहे. लाकूड मुक्कामाच्या ठिकाणीच विकत घ्यावे.

सर्वांत उंच झाड, हायपेरियन, शोधायचा हट्ट नको. या झाडांची मुळे उथळ असतात, दोन-चार मीटरच खोल आणि पसारा तीस मीटरपर्यंत. लोकांच्या पायांनी माती दबली की त्यांना जाच होतो. हायपेरियनचा परिसर 2022 मध्ये बंद केला असून तिथे शिरल्यास 5000 डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘अव्हेन्यू ऑफ द जायंट्स’ हा पन्नास किलोमीटरचा रस्ता अशाच झाडांमधून जातो, आणि तो गाडीतून बघता येतो.

सॅन फ्रान्सिस्कोहून जाताना 101 क्रमांकाचा महामार्ग धरावा. समुद्राकाठचा 1 क्रमांकाचा देखणा खरा, पण वळणांनी ज्येष्ठांना मळमळते. जंगलात फोनला रेंज फारशी नसते, नकाशे आधीच उतरवून घ्यावेत. आणि रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते, त्यामुळे अंताक्षरी लवकर उरकावी.

तिथल्या सरकारी उद्यानांतल्या जागांचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि उन्हाळ्यातल्या जागा लगेच जातात. म्हणजे जुलैचा मुक्काम हवा असेल तर इथे जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरलेली असतानाच मुलांना फोन करायला हवा. एका जागेवर आठच माणसे चालतात. व्याही मंडळीही येणार असतील तर लागून असलेल्या दोन जागा घ्याव्यात.

— एक वाचक, सोलापूर